नटक्रॅकर आणि अर्ध्या सेकंदाची फट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी येऊन आठ महिने झाले. वॅट, पोर्ट वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेच. मी त्यावर मुख्यतः बॅलेचं संगीत ऐकतो, म्हणून एकच गोष्ट आधी सांगतो: पेन ड्राइव्हवरचा एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना हे यंत्र अर्धा सेकंद गप्प बसतं.

सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. पण चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेच्या पहिल्या अंकात उंदरांशी लढाई संपते आणि त्याच ओघात बर्फाळ पाइनचं जंगल उघडतं, हार्पच्या लाटा उठतात. नेमकी तिथेच शांतता! तानपुरा मध्येच कुणी हाताने धरावा तसं होतं. माझ्याकडे अन्सरमे यांचं १९५८चं रेकॉर्डिंग आहे. हा माणूस द्यागिलेव्ह या रशियन निर्मात्याच्या बॅले कंपनीत वाद्यवृंदाचा संचालक होता, त्यामुळे लय नाचणाऱ्यांच्या पावलांची. तिला खीळ बसली की जीव तुटतो.

सर्व्हिस सेंटरला नेलं. पोराने एक गाणं लावलं आणि म्हणाला, ‘वागे छे ने, साहेब?’ वाजतंय हो, पण दोन ट्रॅकच्या मध्ये ऐक ना! ऐकलं नाही. तपासणीचे साडेतीनशे मात्र घेतले. त्या रात्री एक तारा देऊन टाकणार होतो.

आता मत थोडं बदललंय. एमपीथ्री बनवतानाच फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, हे मला नंतर कळलं. म्हणजे निम्मा दोष माझ्या फाइल्सचा. सीडीवरून सगळं पुन्हा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल्समध्ये, घेतलं. फट कमी झाली, पण गेली नाही. शेवटी अख्खा अंक एकाच फाइलमध्ये घेतला. नवीन यंत्रावर पैसे घालायची माझी तयारी नाही.

आवाजाबद्दल मात्र तक्रार नाही. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, शुगर प्लम परीचा नाच लावा. त्यातलं चेलेस्टा हे पियानोसारखं, पण आत पोलादी पट्ट्या असलेलं वाद्य चायकोव्हस्कीने पॅरिसहून गुपचूप मागवलं होतं, दुसऱ्या रशियन संगीतकारांनी आधी वापरू नये म्हणून. बॅले रंगमंचावर आला १८९२मध्ये. त्या पोलादी पट्ट्यांचा काचेसारखा नाद आणि त्याखाली पायऱ्या उतरत जाणारा खर्जातला बास क्लॅरिनेट! जुन्या स्पीकरवर हा क्लॅरिनेट मला कधी ऐकूच आला नव्हता. वीस वर्षं ऐकतोय हे संगीत, आणि पहिल्यांदा अंगावर काटा आला.

एका फाइलमुळे नवी अडचण झाली आहे. बर्फाचा वॉल्ट्झ अंकाच्या शेवटी येतो, तिथवर बटण दाबून धरावं लागतं. पण मुलांचा तो शब्दाविना कोरस सुरू झाला की बायको स्वयंपाकघरातून म्हणते, ‘अहो, जरा मोठा करा ना!’

तूर्तास तीन तारे. कंपनीने अपडेट देऊन फट बुजवली तर चौथा त्याच दिवशी.