चॅसी घासायला काय घ्यावं: चार इंची, पाच इंची, डाय ग्राइंडर की ब्लास्टिंग?

जुन्या महिंद्रा जीपची किंवा जिप्सीची लॅडर चॅसी (शिडीसारखा सांगाडा) हाताशी असेल तर यंत्राच्या आधी पत्र्याच्या जाडीचा विचार करा. असा पत्रा मुळात साधारण 3 मिमीचा, त्यातला काही गंजाने आधीच खाल्लेला. वरून ग्राइंडरने आणखी अर्धा मिमी उडवला तर तो परत येत नाही. निवड करताना बघायचं ते इतकंच: घासल्यावर किती धातू शिल्लक राहतो आणि चकती कुठवर पोचते.

बॉडी, इंजिन, सस्पेन्शन सगळं उतरवून चॅसी उघडी केली असेल तर सरळ ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबाने कठीण कण मारून साफ करायला, द्या. पातळ पत्र्याचं बॉनेट ब्लास्टिंगमध्ये वाकतं. 3 मिमीच्या चॅसीला तो धोका जवळपास नाही. खड्ड्यांच्या तळातला गंज फक्त हेच काढतं, आणि गंजाने पोखरलेली भोकंही उघडी पडतात. देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. नदीची वाळू नको, कारण तिच्या धुळीने कामगाराला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्याऐवजी कॉपर स्लॅग (तांबं गाळून उरलेल्या मळीचे कण) किंवा गार्नेट (कठीण खनिजाचे कण) वापरायला सांगा. आणि बंद पेटीच्या भागांची भोकं आधी बुजवा, नाहीतर आत साचलेला चुरा ओल धरून बसतो.

बॉडी वर असेल तर ब्लास्टिंग विसरा. मग ग्राइंडर लागतोच.

चार इंची, म्हणजे 100 मिमीचा ग्राइंडर हलका, गाडीखाली झोपून एका हाताने सावरता येणारा. त्याच्या 16 मिमी भोकाच्या चकत्या तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळतात. बहुतेक स्वस्त यंत्रं एकाच वेगाची, मिनिटाला 11,000 ते 12,000 फेऱ्यांची असतात. कापायला ते ठीक, पण कप ब्रश (तारांचा वाटीसारखा ब्रश) आणि स्ट्रिप डिस्क (रंग काढणारी जाळीदार चकती) यांना हा वेग जास्त: ब्रशच्या तारा सुटून उडतात, स्ट्रिप डिस्क बघता बघता झिजते. पाच इंची, 125 मिमीच्या ग्राइंडरला 22.23 मिमी भोकाच्या चकत्या लागतात. वजन जास्त, पण वेग कमी-जास्त करता येणारं मॉडेल मिळतं. चॅसीसाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर आमची पसंती या पाच इंचीला. फक्त वेल्डिंगचे उंचवटे घासायचे आणि ब्रॅकेट कापायचे, तर चार इंची पुरे.

आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून स्विचकडे नीट बघा. सरकवून अडकणारा स्विच चालू राहिला आणि वीज परत आली तर जमिनीवर ठेवलेलं यंत्र आपोआप सुरू होतं. हात सुटताच बंद होणारा पॅडल स्विच किंवा वीज आल्यावर यंत्र रोखून धरणारी सोय असलेलं मॉडेल घ्या. चार पैसे जास्त द्यावे लागले तरी द्या.

खरा फरक यंत्रापेक्षा चकतीने पडतो. 6 मिमी जाडीची डीसी व्हील (मध्ये खोलगट असलेली घासायची चकती) 20 ते 30 अंशांत धरून वेल्डचा उंचवटा झपाट्याने खाते; सपाट पत्र्यावर मात्र ती खळगे पाडते, म्हणून तिथे नकोच. झिरकोनियाची 60 ग्रिट (कणांची जाडी; आकडा मोठा तितके कण बारीक) फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश कागदाच्या पाकळ्यांची चकती, हळू खाते आणि सपाट ठेवते. वेल्डचा उंचवटा अर्धा मिमी उरेपर्यंत डीसी व्हील आणि पुढचं फ्लॅप डिस्कने, हा क्रम धरा. जुना रंग आणि डांबरी अंडरकोट फ्लॅप डिस्कने काढू नका, ती लगेच माखून निकामी होते. तो आधी खरवडा, मग स्ट्रिप डिस्क लावा. कप ब्रशबद्दल गैरसमज फार. तो सुटा गंज काढतो, पण खड्ड्यातल्या गंजाला नुसती चकाकी आणतो. वरून साफ दिसतं आणि काही महिन्यांत रंग फुगतो.

पत्रा निळा पडला म्हणजे दाब जास्त होतोय किंवा चकती बोथट झालीय. शेवटच्या रेघा चॅसीच्या लांबीच्या दिशेने काढा. आडव्या खोल रेघांपासून तडा सुरू होऊ शकतो. कोपऱ्यातला फिलेट वेल्ड (दोन पत्रे कोनात मिळतात तिथे भरलेला) दिसायला बरा म्हणून घासून सपाट करू नका, जोडाची ताकद त्याच धातूत असते.

सी-चॅनेलच्या आतले कोपरे, स्प्रिंग हँगरच्या मागची जागा, क्रॉस मेंबरचे (आडव्या दांड्यांचे) सांधे इथे चकतीचा कोणताही ग्राइंडर पोचत नाही. 6 मिमी कोलेटचा (दांडा धरणाऱ्या पकडीचा) विजेवरचा डाय ग्राइंडर, म्हणजे पुढे बारीक दांडा बसणारा लांबट ग्राइंडर, आणि डबल कट कार्बाइड बर (दातेरी कातणारं टोक) इथे कामाचे. हवेवरचा डाय ग्राइंडर हातात बरा बसतो, पण एक एचपीचा छोटा कॉम्प्रेसर त्याला सलग पुरत नाही. बर कोपऱ्यात उसळला तर त्याचे दात तुटतात, म्हणून दोन्ही हातांनी धरून हलका दाब द्या. लांब दांड्याचा बर पूर्ण वेगावर फिरवू नका, दांडा वाकतो. बरने घासताना सुईसारखे कण उडतात. गॉगलवर फेस शील्डही हवी. 10 × 330 मिमी पट्ट्याची बेल्ट फाइल (अरुंद पॉलिश पट्टा फिरवणारं यंत्र) ब्रॅकेटभोवती सुरेख काम करते. पण तिचे पट्टे लहान गावात मिळत नाहीत, म्हणून ती सगळ्यात शेवटी घ्या.

चकती घेताना मधल्या धातूच्या कड्यावरची मुदत वाचा. दमट हवेत पडून राहिलेली रेझिनची चकती फुटू शकते. गार्ड काढून मोठी चकती बसवू नका. काम सुरू करण्याआधी इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या झाका, काचेवर ओलं गोणपाट टाका. ठिणग्या काचेत रुततात आणि निघत नाहीत. चॅसी नंबरच्या भोवतीची जागा फक्त हाताने, पितळी ब्रशने साफ करा. तो पुसट झाला तर आरटीओत गाडी अडते.

शेवटचा हात 80 ग्रिटवर थांबवा. आणखी गुळगुळीत केलं तर इपॉक्सी प्रायमरला पकड मिळत नाही. थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा. कोकणात पावसाळ्यात तर जेवढा भाग दुपारपर्यंत घासला तेवढाच संध्याकाळच्या आत झाकून घ्या.