‘वाचक’मधून ‘चकवा’ काढणारा प्रोग्रॅम

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या दिवाळी अंकातले शब्दकोड्याचे पान गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. एका शब्दाची सगळी अक्षरे वापरून दुसरा शब्द करायचा, म्हणजे इंग्रजीत ज्याला ॲनाग्रॅम म्हणतात, ती कोडी मी आजवर पाठकोऱ्या कागदांवर जुळवीत आलो. यंदा भाच्याने लॅपटॉपवर एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम बसवून दिला, त्याच्या माहितीत ‘मराठीसाठीही उपयुक्त’ असे लिहिलेले होते. महिनाभराच्या वापरानंतर हा अभिप्राय देत आहे. दोषही सांगायचे असल्यामुळे नाव मात्र देत नाही.

इंग्रजीत त्याचे काम चोख आहे. इंदोरच्या सहा रोमन अक्षरांतून त्याने क्षणात ‘आयर्न्ड’ म्हणजे इस्त्री केलेले, हा शब्द काढून दाखवला. यामागची युक्ती साधी आहे: यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून ठेवायची आणि ज्या शब्दांची अशी मांडणी सारखी येईल ते एका गटात टाकायचे. ‘कमल’ आणि ‘कलम’ या दोघांचीही मांडणी ‘क म ल’ अशीच होते. ‘मदत’–‘दमत’, ‘दगड’–‘गडद’ या जोड्याही त्याने पटापट दिल्या, पण त्या सगळ्या बिनकान्यामात्रेच्या होत्या, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

खरी अडचण अक्षर कशाला म्हणायचे, इथे आहे. आपण ‘महाराष्ट्र’ हा चार अक्षरी शब्द मानतो, त्याच्या मांडण्या चोवीस. संगणकात मात्र तो दहा खुणांनी साठवला जातो, कारण काने आणि हलन्त चिन्हे (अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणा) तिथे वेगळी मोजली जातात. त्या दहा खुणा सुट्या करून फिरवल्या तर 4,53,600 मांडण्या होतात आणि त्यांतल्या बहुतेकांत एखादा काना किंवा हलन्त बिचारा भलत्याच जागी लोंबकळत राहतो. या प्रोग्रॅममध्ये ‘अक्षर सलग ठेवा’ असा पर्याय आहे, तो सुरू केल्यावर काना-मात्रा व्यंजनाला चिकटून राहतात. जोडाक्षरे तरीही फुटतात, आणि ‘महाराष्ट्र’चे चाराऐवजी सहा तुकडे पडतात. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडने, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या साठवण्याच्या जागतिक प्रमाणाने, 2023 मध्ये 15.1 या आवृत्तीत आणला, तो या प्रोग्रॅममध्ये आलेला दिसत नाही. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, दिसायला दोन्ही सारखेच, हा प्रोग्रॅम मात्र त्यांना दोन निरनिराळे शब्द समजतो. त्या एका शब्दापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

पर्याय सुरू ठेवून साधे शब्द दिले तर मात्र मजा येते. ‘वाचक’मधून ‘चकवा’ निघाला तेव्हा मी एकटाच हसलो. ‘राजवाडा’ दिल्यावर ‘जरा वाडा’ आले, आणि सात मजल्यांच्या त्या होळकरी वास्तूचा असा उल्लेख छापावा की नाही, यावर आमच्या संपादक मंडळात बरीच चर्चा झाली. अखेर छापायचे ठरले.

दुसरी उणीव शब्दयादीची. तिच्यात शब्दकोशातली मूळ रूपे आहेत, पण मराठी शब्द वाक्यात क्वचितच मूळ रूपात राहतो. त्याला विभक्ती लागते, क्रियापदाची रूपे बदलतात. ‘विकणे’ यादीत आहे, ‘विकता’ नाही, म्हणून ‘कविता’ दिल्यावर पडद्यावर काहीच आले नाही, आणि कविता विकता येत नाही हा विनोद माझा मलाच करावा लागला. यादीत स्वतःचे शब्द भरण्याची सोय आहे, ती चांगली आहे. मी तीनेकशे रूपे हाताने घातली, मग कंटाळलो.

शेवटी ‘वाचनालय’ हाच शब्द दिला. प्रोग्रॅमला काही सापडले नाही. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मान वर न करता सांगितले, “अहो, ‘लय नाचवा’ घ्या की.” इंदुरात ‘लय’ असे कोणी म्हणत नाही, हा आक्षेप मी घेतला, पण अक्षरे पाचही बरोबर होती.