आयपीएफएसवर साइट ठेवून आठ महिने झाले, रिलेटिव्ह लिंकने चांगलंच नाचवलं

माझ्या नोट्सची साइट आठ महिने आयपीएफएसवर आहे (सर्व्हरच्या नावाऐवजी मजकुरावरून फाइल शोधणारं नेटवर्क), साधी एचटीएमएल पानं. वाटलेलं हॅश (मजकुरातून निघणारा अक्षरांचा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) हाच पत्ता म्हटल्यावर लिंक मोडतेय कशाला, आणि पहिल्याच दिवशी गेटवेवर (साध्या ब्राउझरला आयपीएफएसच्या फाइल दाखवणारा सर्व्हर) पान उघडलं तर उघडंबोडकं, सीएसएस (पानाची सजावट) गायब! लिंक मी स्लॅशने सुरू केलेली ना. गेटवेवर आधी होस्ट, मग आयपीएफएस हा शब्द, मग हॅश, मग फाइल, आणि स्लॅशवाली लिंक ब्राउझर थेट होस्टच्या मुळाशी नेतो, हॅश मधल्यामधे गळतो. ब्राउझरला तरी काय बोलणार, २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये (वेबपत्ते कसे वाचायचे त्याचं प्रमाण) नियमच तसा आहे, मधला लांबलचक तुकडा म्हणजेच आख्खी साइट हे त्याला कोण सांगणार.

मग म्हटलं प्रत्येक लिंकमध्ये पूर्ण हॅशच टाकू. तेही जमत नाही! पहिल्या पानात दुसऱ्याचा हॅश टाकला की पहिल्याचा हॅश बदलतो, आणि दुसऱ्यात परत पहिल्याची लिंक आहेच, म्हणजे बसा गोल गोल फिरत. शेवटी आख्ख्या फोल्डरचा एकच हॅश आणि आत सगळ्या रिलेटिव्ह लिंक (चालू पानाच्या जागेवरून मोजलेल्या, पुढे स्लॅश नसलेल्या), हाच मार्ग उरतो, आणि खरं सांगू तर तो झकास चालतो. फक्त फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश हवाच, नाहीतर जोडताना शेवटचा तुकडा उडतो. गेटवे स्वतः रीडायरेक्ट करून स्लॅश लावतो, माझी घरगुती स्क्रिप्ट लावत नव्हती, एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

दोन महिन्यांनी सबडोमेनवाल्या गेटवेवर गेलो, तिथे हॅश होस्टच्या नावातच येतो. क्यूएमने सुरू होणारा जुना ४६ अक्षरी हॅश तिथे चालत नाही, त्यात लहान-मोठी अक्षरं मिसळलेली आणि होस्टचं नाव ब्राउझर सगळं लहान करून टाकतो. बेस ३२ वाला (फक्त लहान अक्षरं आणि आकडे) नवा ५९ अक्षरांचा होतो, डीएनएसमध्ये होस्टच्या नावाच्या एका तुकड्याची मर्यादा ६३, म्हणजे जेमतेम बसतो. इथे स्लॅशवाल्या लिंकही चालल्या, आणि माझ्या डार्क मोडची सेटिंग दुसऱ्याच कुठल्या तरी साइटने बदलायची तेही थांबलं, कारण आधी सगळ्यांचं ओरिजिन (ब्राउझर ज्या होस्टच्या नावाखाली सेटिंग ठेवतो ते) एकच होतं.

एक कटकट मात्र आहेच, आणि ती जाणार नाही. रिलेटिव्ह लिंक त्याच हॅशच्या आत फिरते. मित्राला मार्चमध्ये दिलेला पत्ता तो अजून उघडतो, 'नवीन नोट्स'वर क्लिक करतो आणि त्याला मार्चच्याच नवीन नोट्स दिसतात. आता तेवढी एक लिंक आयपीएनएसच्या (नेहमी ताज्या हॅशकडे नेणारं कायमचं नाव) पूर्ण पत्त्याची केलीय, पण त्याच्याकडच्या जुन्या पानात ती कुठून येणार!