मोमो फक्कड, मालकांनी जीभ आवरावी

कॉलेज रोडजवळच्या गल्लीतलं मोमोचं दुकान. नाव मुद्दाम देत नाही. वाफेवरचे चिकन मोमो 90 रुपयांना आठ. आवरण इतकं पातळ की आतलं सारण दिसतं, पण उचलताना फाटत नाही. लाल चटणी झणझणीत. मेयोनीज मागू नका, सगळी चव मारतं. थुक्पा (नूडल्सचं तिबेटी सूप) पाणचट.

आता तक्रार. मोमो वळणारा पोरगा मणिपूरचा. गल्ल्यावरचे काका त्याला भर गर्दीत 'ए चिंकी' (ईशान्येकडच्यांना चेहऱ्यावरून हिणवायचा शब्द) अशी हाक मारतात. मी म्हटलं, "काका, नावानं बोलवा की." तर म्हणे, "अहो ताई, लाडानं म्हणतो. त्याला काही वाटत नाही." (पोरगा मान खाली घालून मोदकासारख्या कळ्या पाडत होता.)

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी लगेच काँग्रेसच्या सॅम पित्रोदांना मध्ये आणलं. म्हणे, मे 2024 मध्ये पूर्वेकडचे लोक चिनी दिसतात, दक्षिणेकडचे आफ्रिकी, असं ते बोलले ते देशाच्या विविधतेचं कौतुक करतानाच. मग अपमान कुठे झाला? मी म्हटलं, अहो, त्यापायीच तर इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचं (पक्षाच्या परदेशातल्या शाखेचं) अध्यक्षपद सोडावं लागलं! जूनमध्ये परत मिळालं, ते सोडा. हेतू चांगला असेलही. पण ज्याला स्वतःच्याच देशात 'चीनचा का रे?' असं ऐकावं लागतं, त्यानं प्रत्येकाचा हेतू तपासत बसायचं?

चवीला चार स्टार, वागणुकीला एक. सातनंतर बसायला जागा मिळत नाही, पार्सल घ्या. यूपीआय चालतं.