आयलाउच्या लढाईचा बोर्डगेम: बर्फाचा नियम वगळू नका

फोर्टातल्या एका दुकानातून साडेतीन हजारांना घेतला. गेले तीन रविवार मी आणि मामेभाऊ, आमचा दादा, परळच्या घरी जमिनीवर नकाशा पसरून खेळतोय. सोंगट्या पुठ्ठ्याच्या, नखाएवढ्या, पंखा लावला की उडतात, त्यामुळे मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसावं लागलं, कपाळावरचा घाम नकाशावर पडू नये म्हणून मांडीवर टॉवेल.

लढाई ७-८ फेब्रुवारी १८०७ ची. पूर्व प्रशियातलं आयलाउ, आता ते रशियात कालिनिनग्राद भागात आहे, नाव बाग्रातिओनोव्स्क. नेपोलियनसमोर बेनिग्सेनचे रशियन. गेमचा जीव बर्फाच्या नियमात आहे. बर्फाच्या फेरीत शेजारच्या घरापलीकडचं काही दिसत नाही आणि नेपोलियनच्या मार्शल ओजरोची कोअर, म्हणजे सैन्याची मोठी तुकडी, कुठे जाणार ते फासा ठरवतो. खरंच तसंच झालं होतं, तापाने फणफणलेला ओजरो घोड्यावर, त्याची माणसं वादळात वाट चुकून थेट रशियन तोफांच्या तोंडी गेली आणि कोअर जवळपास संपली. माझा फासा वाईट पडला तेव्हा दादाने एकेक सोंगटी उचलून बाजूला ठेवली, आम्ही दोघंही गप्प.

मग फ्रेंच मार्शल म्युराचं घोडदळ सोडायचं, दहा हजारांच्या वर स्वार. ही चाल लवकर केली तर पुढे हातात काही उरत नाही, उशीर केला तर मधली फळी फुटते, माझ्या दोन्ही चुका करून झाल्या.

तक्रार एकच पण मोठी. रशियनांच्या बाजूने लढणाऱ्या लेस्टॉकच्या प्रशियन कोअरच्या दोन सोंगट्या खोक्यात नव्हत्याच. दुकानात फोन केला तर म्हणे खोकं सीलबंद होतं, आम्ही काय करणार. अहो, दुपारनंतर हाच लेस्टॉक येऊन फ्रेंच मार्शल दावूला मागे रेटतो, तो नसेल तर रशियन बाजू खेळायची कशी? शेवटी शर्टाची बटणं लावली. घेताना तिथेच खोकं उघडून मोजा.

नियमपुस्तक इंग्रजीत, अक्षर बारीक. एका डावाला सहा तास धरा. रात्री बेनिग्सेन मागे हटला तर मैदान फ्रेंचांचं, पण गुण मोजले की दोघांकडे मेलेल्या सोंगट्यांचा ढीगच जास्त, आणि आयलाउला तेच घडलं होतं, त्या साली निकाल लागला तो जूनमध्ये फ्रीडलांडच्या लढाईत. पटकन हारजीत हवी असेल तर हा घेऊ नका. आम्ही पुढच्या रविवारी बाजू बदलून बसतोय.