न्यूमेरिकल रेंजची कड: मॅट्रिक्स फिरवून काढावी की वक्र मांडून?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी छोट्या मॅट्रिक्सची न्यूमेरिकल रेंज हा विषय घेतलेली दोन मुलं गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. (एक लांबीचा व्हेक्टर मॅट्रिक्सने गुणायचा, उत्तराचा त्याच व्हेक्टरशी आंतरगुणाकार करायचा; असे सगळे व्हेक्टर घेतले की मिळणाऱ्या संमिश्र संख्या प्रतलावर जो भरीव आकार भरतात, ती न्यूमेरिकल रेंज.) "सर, कड काढायची ती मॅट्रिक्स फिरवून, की किपेनहानचा वक्र मांडून?" दोन्ही रीती मी वापरल्या आहेत, म्हणून जे वाटतं ते लिहितो. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

दोन बाय दोनला दोन्हींची गरज नाही. लंबवर्तुळ येतं, आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सने गुणल्यावर जो व्हेक्टर, म्हणजे आयगेनव्हेक्टर, फक्त काही पट होतो, ती पट) त्याच्या नाभी, विषय संपला. मॅट्रिक्स नॉर्मल (आपल्या संयुग्मी परिवर्ताशी कुठल्याही क्रमाने गुणली तरी उत्तर तेच) असेल तर आयगेनव्हॅल्यूंचा बहुभुज. खरी निवड तीन बाय तीनपासून सुरू होते.

फिरवण्याची रीत चार्ल्स जॉन्सन यांनी १९७८ मध्ये मांडली. मॅट्रिक्स एकेका कोनातून फिरवायची (म्हणजे त्या कोनाच्या, एक लांबीच्या संमिश्र संख्येने गुणायची), हर्मिशियन भाग (ती आणि तिचा संयुग्मी परिवर्त यांची सरासरी) घ्यायचा. त्याची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू त्या दिशेची स्पर्शिका देते आणि तिचा आयगेनव्हेक्टर कडेवरचा बिंदू देतो. दहा ओळींचा प्रोग्राम, क्षणात चित्र. मीही बरीच वर्षं हेच करत होतो.

रुडॉल्फ किपेनहान (पुढे ताऱ्यांच्या अंतरंगावर काम करून नावाजलेले तेच) यांचा लेख १९५१ चा. मॅट्रिक्सचे दोन हर्मिशियन भाग (वास्तव आणि काल्पनिक) आणि एकक मॅट्रिक्स यांना तीन चलांनी गुणून बेरीज करायची, निश्चायक शून्य मानायचा. तीन बाय तीनला तिसऱ्या घाताचा वक्र मिळतो. या वक्राचा प्रत्येक बिंदू एक रेषा मानली, तर त्या रेषा ज्याच्या स्पर्शिका होतात तो त्याचा द्वैत वक्र. त्याच्या वास्तव भागाचं बहिर्वक्र कवच (त्याला वेढणारा सर्वांत छोटा बहिर्वक्र आकार) म्हणजे आपली रेंज. हाताने करायला थोडं किचकट आहे, हे कबूल.

आता माझं मन जिथे वळलं ती गोष्ट. कर्णावर आणि खाली शून्य, वर तिन्ही जागी १, अशी मॅट्रिक्स घ्या. हिच्या रेंजला डावीकडे एक सरळ बाजू आहे: वास्तव भाग उणे अर्धा, लांबी १ भागिले वर्गमूळ ३, म्हणजे सुमारे ०.५७७. एकेक अंशाने फिरवलं की १८० अंशांवर आयगेनव्हॅल्यू दुहेरी होते आणि प्रोग्राम त्या बाजूवरचा कुठलातरी एक बिंदू हातात देतो. बिंदू रेघांनी जोडले की बाजू सरळ दिसते. मग मी वरच्या उजव्या कोपऱ्यातला १ खोडून ०.९९ लिहिला. चित्र जसंच्या तसं! आणि या दुसऱ्या मॅट्रिक्सला सरळ बाजू नाहीच, तिथे अगदी मंद वळण आहे. एक अंशाच्या पावलांत त्या वळणावर मोजून तीन बिंदू पडतात, आणि तेही जवळजवळ एका रेषेत. पावलं बारीक करा, ०.९९ फसेल, मग ०.९९९ पुन्हा तसंच दिसेल. एक पूर्ण दुपार मी पडद्यावर चित्र मोठं करकरून त्या बाजूकडे बघत बसलो होतो. जिला मी सरळ म्हणतोय ती खरंच सरळ आहे का, हे चित्र सांगेना.

वक्राकडे गेलो तर उत्तर अर्ध्या पानात. रेंजची सरळ बाजू म्हणजे द्वैत वक्राला दोन जागी स्पर्श करणारी रेषा, म्हणजेच मूळ वक्रावर दुहेरी बिंदू (जिथे वक्र स्वतःला छेदतो). कोपऱ्यात ब ही धन संख्या ठेवून निश्चायक उलगडला की दुहेरी बिंदूची अट उरते ती एवढीच: (२ अधिक ब चा वर्ग) याचा घन बरोबर २७ गुणिले ब चा वर्ग. म्हणजे १, १ आणि ब चा वर्ग यांचा अंकगणितीय मध्य भूमितीय मध्याइतका कधी होतो? तिन्ही सारखे असतील तेव्हाच. ब बरोबर १, दुसरं काही नाही. ०.९९ चा प्रश्नच मिटला.

शिवाय ब बरोबर १ असताना तो द्वैत वक्र चक्क कार्डिऑइड (हृदयाच्या आकाराचा वक्र) निघतो. उजवं टोक १ वर, आत वळलेलं टोक उणे एक तृतीयांशावर. ते आतलं टोक कवचाखाली झाकलं जातं. फिरवण्याच्या रीतीत आपण फक्त सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू ठेवतो, त्यामुळे ते कधी नजरेलाच पडत नाही. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. चार बाय चारला द्वैत वक्राचा घात १२ पर्यंत जातो, तिथे पेन्सिल चालत नाही. पाच-सहाच्या पुढे मी स्वतः मॅट्रिक्स फिरवतो. फक्त आकाराचा अंदाज हवा असेल तरीही तेच बरं.

त्या मुलांच्या मॅट्रिक्स मात्र सगळ्या तीन बाय तीनच्या होत्या. त्यांना म्हटलं, आधी कागदावर निश्चायक उलगडा, बहुपदीचे अवयव पडतात का बघा, दुहेरी बिंदू शोधा. कीलर, रॉडमन आणि स्पिटकोव्स्की यांनी १९९७ मध्ये थेट मॅट्रिक्सच्या घटकांवरून आकार ओळखायच्या कसोट्या दिल्या आहेत, त्या शेजारी ठेवा. चित्र संध्याकाळी काढलं तरी चालेल.