लघवीच्या दाहाचा कोड आणि डब्ल्यूएचओचा आयसीडी-१० ब्राउझर

बेळगावातल्या एका नर्सिंग होमच्या रेकॉर्ड विभागात मी काम करते. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे पेशंट येतात, उन्हाळी लागलीय म्हणून सांगतात आणि केसपेपरवर उतरतं एकच: यूटीआय, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या ब भागात मात्र आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लागतो. तो शोधायला जागतिक आरोग्य संघटनेचा ऑनलाइन ब्राउझर मी वापरते. फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही.

नुसता कोड गूगलवरही मिळतो. पण तिथे एन३०.००, एन३०.०१ असे पाच अंकी-अक्षरी कोड समोर येतात. ते अमेरिकेच्या आवृत्तीतले, लघवीतून रक्त जातं की नाही ते सांगणारे. डब्ल्यूएचओच्या यादीत तीव्र सिस्टायटिस (मूत्राशयाचा दाह) म्हणजे एन३०.०, पुढे फोड नाही.

या ब्राउझरचं खरं मोल कोडखालच्या बारीक टिपांमध्ये आहे. डावीकडे एन३० उघडा: एन३०.१ इंटरस्टिशियल, एन३०.४ रेडिएशनमुळे झालेला दाह, सगळी भावंडं एका नजरेत. जंतू कळला असेल तर जोडीला बी९५ ते बी९८ मधला कोड द्या, असं तिथेच लिहिलंय. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू आला की बी९६.२ जोडायचा. आणि बाई गरोदर असेल तर एन सोडून ओ२३ मध्ये, गरोदरपणातल्या संसर्गाच्या कोडमध्ये, जायचं. मूत्राशयाचा संसर्ग असेल तर ओ२३.१. हे वाचल्यावर सवयीने एन३९.० टाकायला हात धजत नाही, कारण त्याचा अर्थच ‘यूटीआय, जागा नमूद नाही’ असा. मी फाईल घेऊन सरळ डॉक्टरांकडे जाते: सर, मूत्राशय की किडनी? बहुतेक वेळा ते दोन शब्द लिहून देतात आणि क्लेमवर नंतर येणारी क्वेरी टळते. पेशंटचे पैसे त्यात अडकलेले असतात हो!

मराठी किंवा कन्नडमध्ये हा ब्राउझर नाही, ही उणीव मोठी आहे. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुली मराठी नाहीतर कन्नड माध्यमातल्या. त्यांना मी आधी वहीत लिहायला लावते: सिस्टायटिस मूत्राशयाचा, एन३०, युरेथ्रायटिस मूत्रमार्गाचा, एन३४, तीव्र पायलोनेफ्रायटिस किडनीचा, एन१०. मग शोधखिडकीत काय टाकायचं ते कळतं.

आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालंय, त्याचा ब्राउझर वेगळा. क्लेमसाठी मात्र उघडताना आयसीडी-१०, २०१९ ची आवृत्तीच निवडा.